मध्यातला मनोरा

मी ब्रसेल्सला कधी गेलेलो नाही. आमच्या ऑफिसातलं कोणीच गेलेलं नाही. तरी तिथला तो प्रसिद्ध जुना चौक, ग्राँ प्लास, आम्ही रास अल खैमाच्या किनाऱ्यावर अर्ध्या मापात उभा केला, आणि उभा करताना त्यातली एक चूक सुधारली. ती चूक नव्हती. हे कळायला आम्हाला चौदा महिने लागले, आणि त्यापायी सदानंदकाकांची नोकरी गेली.

आधी काम काय होतं ते सांगतो, कारण लोकांना वाटतं आम्ही गणपतीचं मखर करतो. एका हॉटेल कंपनीला समुद्राकाठी युरोपातला चौक हवा होता. मध्ये दगडी फरशी, तीन बाजूंना जुन्या व्यापारी संघांच्या चिंचोळ्या, सोनेरी नक्षीच्या इमारती आणि चौथ्या बाजूला नगरभवन, त्यावर टोकदार उंच मनोरा. पुढून युरोप आणि मागे हॉटेलच्या खोल्या, किचन, एसीचे चिलर. ही पुढची तोंडं करायचं काम आमच्या कंपनीकडे होतं. सिमेंट, वाळू आणि काचेचे तंतू रबरी साच्यात मारून आम्ही पातळ कवचं काढतो, ती लोखंडी सांगाड्यावर बसवतो, आणि मग पेंटर लोक स्प्रे गनने त्यांच्यावर चारशे वर्षांची काजळी मारतात. काजळीचेही नमुने मंजूर करून घ्यावे लागतात. एकदा काजळी जरा जास्त झाली म्हणून अख्खी भिंत धुवायला लावली होती.

मी यतीन, शॉप ड्रॉइंगचा इनचार्ज. आर्किटेक्टचं चित्र दिसायला सुंदर असतं, पण कारखान्यात साचा करायचा तर प्रत्येक तुकड्याचं मिलिमीटरमधलं रेखाटन लागतं. ते आम्ही करतो. मी पुण्याचा. हे न सांगताही लोकांना कळतं, असं माझी बायको सुरुची म्हणते.

आणि सदानंद मुळगावकर, म्हणजे काका, आमची ड्रॉइंग तपासणारे. वय एकसष्ट, मूळ सावंतवाडीचे. या देशात सव्वीस वर्षं. आधी फुजैराच्या तेलाच्या टर्मिनलवर, मग इकडे. सगळे स्क्रीनवर बघायचे तेव्हा काका प्रिंट काढून लाल पेन्सिलीने बघायचे. रागावायचे नाहीत. एखादं माप चुकलं तर पेन्सिल खाली ठेवून म्हणायचे, "यतीनराव, आपण रेष ओढतो आणि तिकडे भिंत उभी राहते. जरा बघून." 'यतीनराव' ऐकलं की समजायचं, काहीतरी चुकलंय.

साठीनंतर त्यांचा व्हिसा कंपनी वर्षावर्षाने वाढवत होती. त्यांना अजून दोन वर्षं काढायची होती, आणि त्याचं कारण सगळ्या ऑफिसला पाठ होतं. त्यांची मुलगी मुग्धा बर दुबईत राहते, नवराबायको दोघंही नोकरीला, आणि त्यांच्या लहानग्या वेदला कमलिनीकाकू, म्हणजे काकांची बायको, सांभाळतात. दर शुक्रवारी दुपारी काका तिकडे जायचे. मुग्धाने आईवडिलांना स्वतःच्या व्हिसावर ठेवायचं तर पगाराची अट होती, तिच्यात ती बसत नव्हती. काकांची नोकरी असेपर्यंत काकू इथे, इतका साधा हिशेब.

आता आमच्याकडची एक पद्धत सांगायला हवी. प्रत्येक ड्रॉइंगच्या कोपऱ्यात एक चौकट असते: कोणी काढलं, कोणी तपासलं, कोणी पास केलं. या प्रोजेक्टवर 'तपासलं' या रकान्यासाठी, हॉटेल कंपनीच्या वतीने आमचं काम मंजूर करणाऱ्या कन्सल्टंटने आमच्याकडचं एकच नाव मंजूर केलं होतं, काकांचं. तिथे त्यांची आद्याक्षरं, 'एसएम', नसतील तर ड्रॉइंग उघडूनही न बघता परत यायचं. सहाशेच्या वर ड्रॉइंग आणि माणूस एक. मग काय, काका जागेवर नसले आणि वेळ गळ्याशी आली की आम्ही एसएम टाइप करून पाठवून द्यायचो. काका नंतर बघतील असं ठरलेलं होतं. काकांना हे माहीत होतं, मॅनेजर दौलतना माहीत होतं, आमची डॉक्युमेंट कंट्रोलर मुनिबा तर पाठवायचीच. कागदावर असा काही नियम नव्हता. आणि एकदा गेलेलं ड्रॉइंग नंतर कोण बघतंय, असं मला वाटायचं.

नगरभवनाचं मुख्य ड्रॉइंग एका शुक्रवारी बारापर्यंत जायचं होतं. दौलत दोन दिवस आधीपासून माझ्या खुर्चीमागून फेऱ्या मारत होते. "यतीन भाई, फ्रायडे बारा बजे खलास चाहिए मुझे. यल्ला यल्ला." दौलत सिंधी, बर दुबईत जन्मलेले, आणि घाई हा त्यांचा स्वभाव नसून धर्म आहे.

गुरुवारी संध्याकाळी मी इमारतीची मध्यरेषा ओढली, मग मनोऱ्याची. दोन्ही जुळेनात. अर्ध्या मापातसुद्धा तीन मीटरच्या वर फरक. मनोऱ्याच्या डावीकडे कमानी जास्त, उजवीकडे कमी. इतकंच काय, मनोऱ्याखालचं दारही मनोऱ्याच्या मधोमध नव्हतं.

मला वाटलं, कोणीतरी मूर्खपणा केलाय. आम्हाला मूळ चित्रं देणाऱ्या स्टुडिओबद्दल माझं मत आधीच वाईट होतं; त्यांनी एका इमारतीला असा जिना दिला होता, जो भिंतीवर जाऊन संपत होता. फोटो बघितले नाहीस का, असं मला नंतर बऱ्याच जणांनी विचारलं. बघितले. पर्यटक मनोऱ्याखाली उभे राहून मान वर करून फोटो काढतात, कमानी मोजायला कोणी जात नाही. समोरून काढलेले फोटो शोधले असते तर सापडले असते. पण मला ते शोधायचे नव्हते. इतकी मोठी, इतकी श्रीमंत इमारत बांधणारा माणूस मनोरा बाजूला सरकवेल, हे माझ्या डोक्यात शिरतच नव्हतं. आपल्याकडे घराचं दार हातभर सरकलं तरी चार माणसं येऊन सांगून जातात.

शंका आली तर लेखी विचारायचं, ही रीत. उत्तराला दोन आठवडे. माझ्याकडे एक सकाळ होती.

मी मनोरा मध्यात आणला. दोन्हीकडच्या कमानी सारख्या केल्या. दार मधोमध घेतलं. मग एक फायदा लक्षात आला: डावी बाजू उजवीकडे उलटी वापरता येते, म्हणजे साचेही कमी. ड्रॉइंग असं देखणं झालं की मी ते दोनदा झूम करून बघितलं.

काका शुक्रवारी रजेवर होते. मुग्धाचं डोहाळजेवण होतं, वेदच्या वेळचं. मी 'तपासलं' या रकान्यात एसएम टाइप केलं आणि साडेअकराला मुनिबाकडे फाइल दिली. बारा दिवसांनी कन्सल्टंटचा शिक्का आला, 'मंजूर', एकही शेरा नाही.

त्या दिवशी घरी जेवताना मी जरा फुशारक्या मारल्या. म्हटलं, "सहाशे वर्षांची चूक तुझ्या बाबाने काढली."

माझी मुलगी इरा दहा वर्षांची आहे. ती ताटातून मान वर न काढता म्हणाली, "बट डिड दे आस्क यू टू?"

"इरा, नीट बोल," सुरुची म्हणाली, आणि हसली.

पुढचे चौदा महिने साचे झाले, कवचं निघाली, सांगाडा चढला, मनोरा चढला. मनोऱ्याचा शेवटचा तुकडा बसला तेव्हा वारा इतका होता की क्रेनवाल्याने दोनदा काम थांबवलं. खाली बिर्याणी वाटली. कारखान्यातल्या मुलांनी चौकात सेल्फी काढून गावाला पाठवले. त्यांतल्या एकाच्या बायकोने म्हणे विचारलं, तुम्ही युरोपला कधी गेलात?

मग ब्रसेल्सहून ग्रीटबाई आल्या.

हॉटेल कंपनीने जुन्या इमारतींची जाणकार म्हणून त्यांना उद्घाटनाच्या आधी बोलावलं होतं. पन्नाशीच्या, उंच, हेल्मेटखालून पांढऱ्या केसांच्या बटा बाहेर आलेल्या. दौलत, काका आणि मी त्यांना घेऊन चौकात गेलो. आजूबाजूच्या इमारती बघून त्या खूश झाल्या. काजळीलाही हात लावून बघितला. मग नगरभवनासमोर उभ्या राहिल्या आणि हसायलाच लागल्या. आधी मला वाटलं, कौतुकाने. मग त्यांनी बोट वर करून डावीकडच्या कमानी मोजल्या, मग उजवीकडच्या.

"यू हॅव रिपेअर्ड इट," त्या म्हणाल्या.

दौलतनी 'थँक यू मॅडम' म्हटलं. ते म्हणून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं.

ग्रीटबाईंनी सांगितलं ते असं. डावी बाजू आधी बांधली, उजवी नंतर, वेगळ्या पिढीने. उजवीकडे एक रस्ता होता. तो बंद करायला नको म्हणून, असं सांगतात, ती बाजू आखूड ठेवली. मनोरा मधोमध नाही हे तिथल्या शाळेतल्या पोरांनाही ठाऊक असतं. गाइड लोक तर पुढे सांगतात, की काम संपल्यावर ही चूक बांधणाऱ्याच्या लक्षात आली आणि त्याने वरून उडी मारली. "दॅट इज नॉनसेन्स," त्या म्हणाल्या, "पण टुरिस्टना आवडतं."

काका इतका वेळ हाताची घडी घालून वर बघत होते. त्यांनी एकच प्रश्न विचारला. "मॅडम, तो रस्ता अजून आहे?"

"ऑफ कोर्स. त्या कोपऱ्यावरून मी रोज जाते."

काकांनी मान हलवली.

 परतताना गाडीत दौलत फोनवर होते, काका खिडकीतून बाहेर बघत होते. मी दर सिग्नलला ठरवत होतो, आता सांगू या. सिग्नल सुटायचा.

ग्रीटबाईंनी रिपोर्ट लिहिला, तो मालकाकडे, म्हणजे हॉटेल कंपनीकडे गेला, मालकाकडून कन्सल्टंटकडे आला, आणि चार दिवसांनी साइटवरच्या पोर्टाकेबिनमध्ये मीटिंग लागली. एसी इतका जोरात की सगळे हात मांडीखाली घेऊन बसलेले. कन्सल्टंटच्या माणसाची अवस्था आमच्याहून वाईट होती, कारण 'मंजूर'चा शिक्का त्याचा होता. मनोरा का सरकला यात त्याला रस नव्हता. त्याला मालकाकडे पाठवायला एक नाव हवं होतं, आमच्या बाजूचं.

दौलतनी ड्रॉइंगची मोठी प्रिंट टेबलावर पसरली, चार कोपऱ्यांवर पाण्याच्या बाटल्या ठेवल्या आणि चौकटीवर बोट ठेवलं. काढणाऱ्याच्या रकान्यात माझी अक्षरं होती. पण ते कोणी बघत नव्हतं. काढणारा चुकणारच, म्हणून तर तपासणारा ठेवायचा, हा धंद्यातला नियम आहे.

"सदानंदजी," दौलत खालच्या आवाजात म्हणाले, "ये आपने चेक किया था?"

मी काकांकडे बघितलं नाही. समोरच्या बाटलीच्या लेबलवर कॅल्शियम किती, मॅग्नेशियम किती ते लिहिलेलं होतं, ते मी वाचत होतो. मला सगळं माहीत होतं. त्या शुक्रवारी काका बर दुबईत मुलीच्या ओटीत फळं घातली जात असताना बाजूला उभे होते, हे माहीत होतं. ती दोन अक्षरं माझ्या बोटांनी टाइप झाली, हे माहीत होतं. काकांचं नाव गेलं की व्हिसा जाईल, काकू जातील, वेदला कोणाकडे ठेवायचं हा प्रश्न येईल, तेही माहीत होतं. आणि माझं नाव गेलं तर इराची शाळा, घराचं नवं ॲग्रीमेंट, गाडीचे हप्ते. हेही, आणि आधी हेच.

"हो," काका म्हणाले. मग इंग्रजीत म्हणाले, "येस. आय चेक्ड इट."

कन्सल्टंटच्या माणसाने लिहून घेतलं.

यानंतर मी बोलू शकलो असतो. कोणी माझं तोंड धरलं नव्हतं. खोलीत चांगली शांतता होती, दोन-तीन वाक्यं मावली असती. मी मूग गिळून बसलो. मग चहा आला.

गंमत पुढेच आहे. आठवड्याने मालकाचा माणूस स्वतः आला, चौकात फिरला, नगरभवनासमोर उभा राहून फोटो काढले आणि म्हणाला, असंच ठेवा. मनोरा मध्यात आहे ते लग्नाच्या फोटोंना बरं, नवरानवरी बरोबर खाली उभी राहतात. ब्रसेल्स ब्रसेल्सच्या जागी. एका खिळ्यालाही हात लावायचा नाही. दौलतनी सुटकेचा नि:श्वास टाकून सगळ्यांना कुनाफा ही अरबी मिठाई खाऊ घातली.

पण काकांचं नाव असलेलं पत्र तोवर मालकाकडे निघालेलं होतं. कन्सल्टंटला कागदावर 'कारवाई केली' असं हवं होतं, आणि कारवाई म्हणजे काका. त्यांना प्रोजेक्टवरून काढलं. दुसरा प्रोजेक्ट कंपनीकडे नव्हता. व्हिसा पुढे वाढणार नाही असं एचआरने मोठ्या अदबीने कळवलं. तीस दिवसांची नोटीस. म्हणजे मनोरा राहिला आणि काका चालले.

त्याच आठवड्यात मुनिबा माझ्या टेबलाशी आली. कराचीची मुलगी, कामाला चोख, सहसा कुणाच्या भानगडीत पडत नाही. हळूच म्हणाली, "यतीन भाई, वो टाउन हॉल का सबमिटल जिस फ्रायडे को गया था, सदानंद अंकल तो छुट्टी पे थे ना?"

"याद नहीं," मी म्हणालो.

ती परत आपल्या टेबलाशी गेली. त्यानंतर ती मला फाइल मेलने पाठवायला लागली. पूर्वी हातात आणून द्यायची.

सुरुचीला मी सगळं सांगितलं. हे तरी केलं. ती पोळ्या लाटत होती. लाटणं तसंच हातात धरून तिने ऐकून घेतलं.

"मग उद्या जा आणि सांग दौलतना."

"आता काय उपयोग? पत्र गेलंय. आता सांगितलं तर दोघं जाऊ."

"उपयोगाचं कोण विचारतंय तुला, यतीन?"

"तुला कळत नाही ऑफिसचं. आणि काका स्वतःच म्हणाले ना, चेक केलं म्हणून? मी त्यांना सांगितलं होतं का म्हणायला?"

हे माझ्या तोंडून बाहेर पडलं आणि माझी मलाच शिसारी आली. सुरुचीने पुढची पोळी लाटायला घेतली. दोन दिवस कामापुरतं बोलत होती. तिसऱ्या दिवशी तिने डबाभर बेसनाचे लाडू केले आणि म्हणाली, "काकूंना नेऊन दे. मी येणार नाही, मला त्यांच्या तोंडाकडे बघवणार नाही."

मी बर दुबईला मुग्धाच्या घरी गेलो. कमलिनीकाकू कार्टन भरत होत्या. दारात मला बघून त्यांना इतका आनंद झाला की मी उंबऱ्यातच अवघडलो. "अरे, तुझं नाव सारखं असतं यांच्या तोंडी," त्या म्हणाल्या. "म्हणतात, ऑफिसात हाताखाली एकच पोरगा तयार झाला." वेद जमिनीवर बसून चिकटपट्टीच्या रिळाशी खेळत होता. मुग्धाने दुसरीकडे पाळणाघर बघितलं होतं, अकराशे दिरहॅम महिना, म्हणजे बघ, सव्वीस-सत्तावीस हजार रुपये झाले, असं काकू सांगत होत्या. "पैशाचं नाही रे काही. पण तो भात फक्त माझ्या हातचा खातो." मी डबा टेबलावर ठेवला, पाणीही न पिता निघालो.

तीस दिवसांत काकांनी मला एक अक्षर विचारलं नाही. रोज यायचे, लाल पेन्सिलीने उरलेली ड्रॉइंग बघायचे. तपासणाऱ्याच्या जागी आता माझं नाव मंजुरीला गेलं होतं. काका मला शिकवत होते: आधी मापांची बेरीज बघ, मग सांधे, मग पाणी कुठून जाणार ते. पूर्वीइतकंच बोलायचे, पूर्वीसारखंच. 'यतीनराव' मात्र एकदाही म्हणाले नाहीत. मला वाटायचं, एकदा हा माणूस ओरडला तर बरं.

शेवटच्या दिवशी साडेतीनला निरोप झाला. केक, शाल, दौलतचं हिंदी भाषण, त्यात 'परिवार' हा शब्द पाच वेळा. मग काका माझ्याकडे आले.

"यतीन, गाडी काढ. चौक बघून येऊ एकदा."

चौक आठवड्याभरात उघडणार होता. फरशी साबणाने धुवायचं काम चालू होतं, दहा-बारा जण लांब झाडू घेऊन फेस एका बाजूला ढकलत होते. खुर्च्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून रचून ठेवल्या होत्या. समुद्रावरून खारा, गरम वारा येत होता. सुरक्षारक्षकाने काकांना ओळखून सलाम केला. आम्ही ओल्या फरशीवरून जपून चालत मधोमध जाऊन उभे राहिलो. सोनेरी नक्षीवर उतरतं ऊन होतं, आणि खरंच, मी काही नाटकीपणा करत नाही, तो चौक सुंदर दिसत होता.

काकांनी डावीकडच्या कमानी मोजल्या, मग उजवीकडच्या. ओठ हलत होते.

"छान झालंय रे काम," ते म्हणाले. "सांधे कुठे दिसत नाहीत."

मी महिनाभर जे घोकलं होतं ते एका दमात बोललो. "काका, ते ड्रॉइंग तुम्ही तपासलं नव्हतं. तुम्ही मुग्धाच्या डोहाळजेवणाला गेला होतात. एसएम मी टाकलं. मनोराही मीच हलवला, कुणाला न विचारता. मीटिंगमध्ये मी बोलायला हवं होतं. मी बोललो नाही. मला माफ करा."

काका माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू टाकलंस ते माहितीये मला. पण तपासलं नव्हतं, हे कोणी सांगितलं तुला?"

मला कळेना.

"सोमवारी आलो, तेव्हा मुनिबाने कॉपी ठेवली होती टेबलावर. माझ्या नावावर गेलेलं प्रत्येक ड्रॉइंग मी नंतर बघतो. सगळी. तुम्हाला वाटतं बघत नाही. मूळ चित्राशेजारी ठेवून बघितलं, तर मनोरा मध्यात आणलेला. तासभर बसलो त्याच्यावर. मलाही वाटलं, मूळच चुकलंय. म्हटलं, पोराने बरोबर पकडलं. शिक्का यायला अजून आठ-नऊ दिवस होते, एक मेल टाकून परत मागवता आलं असतं. नाही मागवलं. आवडलं मला ते." त्यांनी मनोऱ्याकडे हनुवटी केली. "त्या बाईने रस्त्याचं सांगितलं ना, तेव्हा लाज वाटली. हे आपल्याला का सुचलं नाही? काहीतरी कारण असेल, असं आधी वाटायला हवं होतं. सव्वीस वर्षं दुसऱ्यांना तेच सांगितलं मी. तर मीटिंगमध्ये मी खोटं नाही बोललो. चेक केलं होतं. माझीच चूक आहे, ती माझ्या नावावर गेली. त्यात तू कुठे आलास?"

माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. महिन्याभरात पहिल्यांदा पोटभर श्वास घेतला. झाडूवाल्यांकडे बघून उगाच हसलोही असेन.

"म्हणजे काका," मी म्हणालो, "म्हणजे माझ्यामुळे नाही गेली तुमची नोकरी."

"नाही, तुझ्यामुळे नाही."

साबणाचं पाणी आमच्या बुटांपर्यंत आलं होतं. काका एक पाऊल मागे सरकले. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं, तीस दिवसांत पहिल्यांदाच असं सरळ, आणि अजिबात न रागावता म्हणाले,

"पण मीटिंगमध्ये बसला होतास, तेव्हा तुला हे माहीत नव्हतं."

"नव्हतं," मी म्हणालो.